फळीवरचं दुसरं नाव

निषाद, मुक्ता,

तुमची आत्याआजी जाऊन आता सहा आठवडे होतील. परवा फोनवर मुक्ताने विचारलं, "आजी, आत्याआजी रिटायर झाल्यावर दिवसभर करायची काय गं?" मी म्हटलं, "लिहायची." त्यावर निषाद मागून ओरडला, "काय, कविता?" आणि तुम्ही दोघं हसलात. मीही हसले. फोन ठेवल्यावर मात्र मला स्वस्थ बसवेना. त्यांनी जन्मात कधी कविता लिहिली नाही. त्या दुसऱ्यांचं म्हणणं लिहून घ्यायच्या. अशाच एका लिखाणापायी एका बाईचं काम गेलं, आणि आम्ही दोघी एका घरात राहून तीन आठवडे एकमेकींशी धड बोललो नाही. तुम्हाला यातलं काहीच माहीत नाही, कारण सांगायला मीच आहे आणि मी टाळत आले. या पुरवणीसाठी आठवण लिहाल का अशी विचारणा झाली, तेव्हा ठरवलं की इथेच लिहावं. एकदा छापून आलं की मला मागाहून त्यात फेरफार करता येणार नाही.

बातमी आली तेव्हा मी पेणला बँकेत, हयातीच्या दाखल्याच्या रांगेत उभी होते. पेन्शनवाल्यांना दर नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचं कळवावं लागतं. सकाळी मी म्हटलं होतं, "वन्सं, चला, दोघींचं एकदम होऊन जाईल." (नवऱ्याच्या मोठ्या बहिणीला आमच्या वेळी वन्सं म्हणत, आणि मी शेवटपर्यंत तेच म्हटलं.) त्या म्हणाल्या, "आज बुधवार. बायका यायच्या. तू जाऊन ये, मी जिवंत आहे ते मी उद्या कळवते." रांगेत माझ्या पुढे दोघेच उरले होते तेव्हा माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. सुगंधाचा. "बाई... मी सांगत व्हते आन् कमलबाई लिवत व्हत्या. मग लिवायच्या थांबल्या. मला वाटलं इचार करतायत... बाई, तुम्ही लवकर या." मी पोचले तेव्हा आत्याआजी, म्हणजे तिच्या कमलबाई, स्टुलावरच होत्या, भिंतीला डोकं टेकून. पेन्सिल हातातच होती. माझा दाखला द्यायचा राहूनच गेला, तो पुढच्या आठवड्यात दिला.

त्या स्टुलाबद्दल आधी सांगायला हवं. आत्याआजी रोह्याला, औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनाच्या कारखान्यात टाइमकीपर होत्या. कोण किती वाजता आत आला, किती वाजता बाहेर पडला, कुणाचा ओव्हरटाइम, कुणाचा खाडा, हे सगळं लिहिणं त्यांच्याकडे होतं. लग्न केलं नाही. आठवडाभर रोह्याला एका खोलीत राहायच्या आणि शनिवारी एसटीने पेणला यायच्या. गेटजवळच्या त्यांच्या केबिनला एकच खिडकी होती, जेमतेम कमरेच्या उंचीची. कामगाराला काही सांगायचं असेल तर त्याने वाकून, मान तिरकी करून, त्या भोकातून सांगायचं. "वाकलेला माणूस पुरतं बोलत नाही गं," त्या मला म्हणायच्या. "दोन वाक्यं बोलतो, पाठ दुखते, जाऊ दे म्हणतो." खिडकी वर घ्या म्हणून त्यांनी तीनदा अर्ज केला. खिडकी होती तिथेच राहिली. मग कुणाला काही सांगायचं असलं की त्या स्वतः केबिनमधून बाहेर येऊन उभ्या राहायच्या, उन्हात असो की पावसात. निवृत्त होऊन आमच्याकडे राहायला आल्या तेव्हा पुढच्या खोलीत त्यांनी दोन वस्तू मांडल्या, एक वेताची खुर्ची आणि एक बुटकं लाकडी स्टूल. खुर्ची येणाऱ्या माणसाला, स्टूल त्यांना. बुधवारी दुपारी आजूबाजूच्या गावांतल्या बायका यायच्या, कुणाचं रेशनकार्ड, कुणाचा प्रॉव्हिडंट फंड, कुणाची विधवा पेन्शन. आत्याआजी खाली बसून पेन्सिलीने लिहून घ्यायच्या आणि मी ते कॉम्प्युटरवर नीट टाइप करायची, गरज असेल तिथे इंग्रजीत. मी एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. पाल्हाळ कापणं हा माझ्या हाताचाच गुण झाला होता. बायका सांगायच्या त्यात सासू यायची, म्हैस यायची, मागच्या वर्षीचा पूर यायचा. मी ते सगळं काढून टाकायची आणि मुद्दा ठेवायची. आत्याआजी कधी कधी टाइप केलेला कागद वाचून म्हणायच्या, "नीट झालंय. पण ही ती वाटत नाही." मी ते मनावर घेतलं नाही.

लॉकडाऊन उठला त्याच्या पुढच्या वर्षी एका सकाळी माझ्या फोनवर एक मेसेज आला. इंग्रजीत होता. अमुक बाई फसवी आहे, तिने पैसे बुडवले आहेत, तुम्ही तिच्या हमीदार आहात, तुमच्यावरही कारवाई होईल. नाव सुगंधाचं. त्या मेसेजात इंग्रजीच्या चार चुका होत्या आणि खरं सांगते, मला आधी त्याच दिसल्या. मग राग आला, पण तो पाठवणाऱ्याचा नाही, सुगंधाचा. ही जवळच्या गडब गावची मुलगी, माझ्या हाताखाली आठवीपर्यंत शिकलेली, नंतर शाळा सुटली. हिने मला न विचारता माझं नाव कुठे दिलं? दुपारपर्यंत तीन फोन आले. तिसऱ्या फोनवरचा माणूस मला "ए म्हातारे" म्हणाला. तुमच्या आजोबांच्या पश्चात या घरात मोठ्या आवाजात कुणी बोललं नव्हतं. मी फोन बंद करून कपाटात ठेवला, आणि वन्संना काही कळू नये म्हणून भांडी घासायला घेतली.

बुधवारी सुगंधा आली. काविळीतून उठलेली, डोळे अजून पिवळे. गळ्यात, ती कामाला होती त्या गोदामाचा ओळखीचा पास. ती दारातच खाली बसायला लागली.

"खुर्चीवर," आत्याआजी म्हणाल्या.

"नको कमलबाई, मी हितंच खाली."

"खाली माझी जागा आहे. ऊठ."

ती खुर्चीच्या कडेला टेकली. मी आतून आले ते बोलतच आले, "सुगंधा, माझं नाव कशाला दिलंस?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तिने दिलेली भेट परत करत होते. "बाई, तुमचंच तर पयलं दिलं."

मग तिने सांगितलं ते असं. गोदाम हायवेलगतचं, काम पॅकिंगचं, ठेकेदारामार्फत. नवरा डोलवीच्या पोलाद कारखान्यात शिफ्टला, त्याचंही काम कधी असायचं कधी नसायचं. एक दिवस ठेकेदाराच्या सुपरवायझरने गेटवरच सगळ्यांचे फोन घेतले आणि त्यांत एक अॅप टाकून दिलं. पगाराची वाट बघायला नको, आज भरलेल्या दिवसाचे पैसे आजच. बटण दाबलं की दोन मिनिटांत खात्यात. दरवेळी थोडी फी लागायची, पण ती तेव्हा दिसायची नाही, महिन्याच्या पगारातून परस्पर कापून जायची. आणि पैसे द्यायच्या आधी अॅपने ओळखीच्या दहा जणांची नावं आणि नंबर मागितले.

इथे मला एक गोष्ट कळली, जी चाळीस वर्षं पेणमध्ये राहून मला ठाऊक नव्हती. सुगंधा पूर्वी पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला होती. मूर्तीचा पितांबर रंगवणं हे तिचं काम. तिथल्या बायकांची रीत अशी की दिवाळी झाली की पुढच्या हंगामाची उचल घ्यायची आणि ती कामातून फेडायची. उचल देताना मालक एकच विचारतो, "मागे कोण?" म्हणजे तू आजारी पडलीस, बाळंत झालीस, घरी कुणाचं काही झालं, तर तुझ्या वाटणीच्या मूर्ती कोण पुऱ्या करील? बाई एका मैत्रिणीचं नाव सांगते. मूर्ती ज्या फळीवर ठेवायच्या तिच्यावर मालक खडूने दोन्ही नावं शेजारी शेजारी लिहितो. दुसऱ्या नावाच्या बाईकडे पैसे कुणी मागत नाही, तिने फक्त हात द्यायचा. आपलं नाव कुणी सांगितलं की बायकांना त्याचा मान वाटतो.

"कारखान्यात एक नाव लागतं," सुगंधा म्हणाली. "ही येवढी मोठी कंपनी, म्हटलं हिला धा लागत असतील. जेवायची अख्खी सुट्टी मी त्यातच घालवली बाई. चांगली चांगली माणसं निवडली. तुम्ही, अंगणवाडीच्या बाई, आमचं थोरलं दीर, पोरीच्या शाळंतल्या मॅडम, कारखान्याचं मालक आप्पा... आता समद्यांना शिव्या गेल्या. पोरगी शाळंत जायला नाय म्हणते."

ती काविळीने पंधरा दिवस घरी होती. दिवस भरले नाहीत म्हणून पगार नाही, पगार नाही म्हणून अॅपला कापायला काही नाही. मग फोन सुरू झाले होते, तिला नव्हे, त्या दहा जणांना.

आत्याआजींनी हे सगळं पाऊण पान भरून लिहून घेतलं, जसं ती बोलली तसं. त्याच सुमारास सरकारने नेमलेली एक समिती रोह्याला येणार असल्याचं कळलं. फोनवरून मिळणाऱ्या या असल्या पगार-उचलीला काय नियम लावायचे ते ठरवण्याआधी ती कामगारांचं आणि कंपन्यांचं म्हणणं ऐकणार होती. निवेदन आधी पाठवायचं, मग समोर जाऊन सांगायचं. निनावी निवेदन घेणार नव्हते. आत्याआजींनी सुगंधाला निरोप धाडला, आणि आमच्या घरात वाद सुरू झाला.

"वन्सं, तिचा पास दर महिन्याला रिन्यू होतो. सुपरवायझरच्या सहीने. त्याला कळलं की संपलं."

"कळेलच. गडबात काय लपतंय?"

"मग तिचं नाव नको. 'एक कामगार महिला' असं लिहू."

"म्हणजे ते म्हणतील अशी बाईच नाही."

"तुम्हाला बोलायला काय जातं? तुमची पेन्शन चालू राहील."

हे मी बोलायला नको होतं.  त्या म्हणाल्या, "बरोबर आहे तुझं. म्हणून तर मी ठरवत नाही. तिला ठरवू दे."

सुगंधा आली तेव्हा सुपरवायझरपर्यंत बातमी पोचलेली होती. तो तिला एवढंच म्हणाला होता, "एक तारखेला पास घेऊन ये हां, बघू." ती खुर्चीत बसून त्या पासाची फीत बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. मी चहा ठेवायला आत गेले, खरं म्हणजे ऐकायला नको म्हणून. आतून ऐकू आलंच. "मी येते," ती म्हणाली. "पण बोलताना तुम्ही माझ्या मागं बसा, कमलबाई."

त्यानंतर रोह्याच्या दिवसापर्यंत आम्ही दोघी दूध आलं का, मीठ दे, यापलीकडे बोललो नाही. निवेदन मीच टाइप केलं. रागात केलं, पण माझ्या पद्धतीने, स्वच्छ. तारखा, रकमा, फोन किती आले. कारखान्याची, फळीची, खडूची हकीकत मी काढून टाकली. समितीला गणपतीच्या कारखान्याशी काय करायचंय? त्या पाऊण पानाच्या जागी मी एक वाक्य घातलं, "अर्जदाराने स्वखुशीने दहा व्यक्तींचे नंबर दिले." वाचायला चांगलं वाटत होतं. आत्याआजींना मी तो कागद वाचून दाखवला नाही. बोलणंच नव्हतं ना.

त्या दिवशी आम्ही तिघी सकाळच्या एसटीने पेणहून नागोठण्यावरून रोह्याला गेलो. सुगंधाने अर्धा दिवस रजा काढली होती. गडबच्या थांब्यावर ती चढली आणि वाटेत गोदामाचं फाटक दिसलं तेव्हा पदराने पास झाकून घेतला. वसाहतीच्या सभागृहात उंच व्यासपीठावर चार अधिकारी होते, समोर एक माइक, सांगणाऱ्याने उभं राहून बोलायचं. बाहेर रसायनाचा ओळखीचा वास. आत्याआजींनी तो खोल आत घेतल्याचं मला दिसलं. शेवटच्या रांगेत तो सुपरवायझर हाताची घडी घालून बसला होता. त्याला कुणी बोलावलेलं नव्हतं. त्याने आमच्याकडे बघून मान हलवली, ओळख दाखवल्यासारखी.

अॅपच्या कंपनीचा माणूस आधी बोलला. तरुण, नम्र, मराठी चांगलं. तो म्हणाला, "आम्ही कर्ज देतच नाही. कामगाराने कमावलेला त्याचाच पैसा त्याला चार दिवस आधी देतो. कर्जाचे नियम आम्हाला लावले तर ही सोय बंद होईल आणि हाल यांचेच होतील." त्याचं बोलणं खोटं नव्हतं. अडचण तीच होती.

सुगंधाचं नाव पुकारलं. ती उठली आणि माइकपाशी जाऊन किंचित वाकली. ताबडतोब मागून आत्याआजींचा आवाज आला, "साहेब, तिला खुर्ची द्या." सभागृहात थोडा हशा पिकला. अधिकाऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं, पण खुर्ची आली, माइक खाली आला. आत्याआजी पहिल्या रांगेतून उठल्या आणि व्यासपीठाच्या पायरीवर, तिच्या बरोबर मागे, जाऊन बसल्या. सुगंधाने काविळीचं सांगितलं, फोनचं सांगितलं. आवाज बारीक, पण पोचत होता. मग तो तरुण उठला. त्याच्या हातात मी टाइप केलेला कागद होता.

"यांच्याच निवेदनात लिहिलंय, साहेब. 'अर्जदाराने स्वखुशीने दहा व्यक्तींचे नंबर दिले.' आम्ही फक्त त्यांनी दिलेल्या नंबरांवर संपर्क केला."

माझं वाक्य. माझं नीट, स्वच्छ वाक्य... मी मांडीवरच्या पिशवीचे बंद घट्ट धरले. आत्याआजींनी मान वळवून माझ्याकडे बघितलं, एकदाच.

मधल्या अधिकाऱ्याने विचारलं, "सुगंधाबाई, नंबर तुम्हीच दिलेत?"

"व्हय."

"कुणी जबरदस्ती केली?"

"नाय."

त्याने पेनचं टोपण लावलं. शेवटच्या रांगेत सुपरवायझरने हाताची घडी सोडली आणि पाय लांब केले. सुगंधाच्या पासाची फीत तिच्या बोटाभोवती इतकी आवळली होती की बोट पांढरं पडलं होतं.

"साहेब, कशाला दिले तेही विचारा," आत्याआजी पायरीवरून म्हणाल्या.

"आपण कोण?"

"मी तिच्या मागे आहे."

अधिकाऱ्याला ते समजलं नाही, पण त्याने विचारलं. आणि सुगंधाने फळीचं सांगितलं. खडूचं सांगितलं. आप्पा काय विचारतात ते सांगितलं. म्हणाली, "मी नावं दिली ती माझ्या जागी हुबं ऱ्हायला दिली, साहेब. माजी माणसं हायत ती. शिव्या खायला नाय दिली." मग एकदम तिचा आवाज चढला, "आप्पांनी कधी कुणाच्या दारात माणूस धाडला नाय. बाई आजारी पडली तर आप्पा थांबतात."

 तेवढ्यात आत्याआजी म्हणाल्या, आणि टाइमकीपरचा तो कोरडा आवाज मी फार वर्षांनी ऐकला, "कर्ज नाही म्हणतात, साहेब. तिचाच कमावलेला पैसा म्हणतात. मग ही वसुली कसली?"

तरुण म्हणाला, "फोन करणारी एजन्सी बाहेरची आहे, त्यांच्या काही—"

"कर्ज असेल तर कर्जाचे नियम पाळा. पगार असेल तर तिचे दिवस भरेपर्यंत थांबा. दोन्हीकडचं सोयीचं घेऊ नका."

मधल्या अधिकाऱ्याने पेनचं टोपण पुन्हा काढलं. बराच वेळ लिहिलं. मग सुगंधाला विचारलं, "मग हे बंद करायचं का?"

मला वाटलं ती व्हय म्हणेल. ती म्हणाली, "बंद नका करू साहेब. पोरीची फी भरायची व्हती तवा त्याच पैशांनी भरली. बंद केलं तर परत मुकादमाच्या पाया पडायला लागंल. पण फी आधी मराठीत सांगा. आन् फोनातल्या माणसांना हात लावू नका."

बाहेर पडताना दारात सुपरवायझर उभा होता. हसत म्हणाला, "चांगलं बोललीस गो. उद्या पास घेऊन ऑफिसात ये."

पास गेला. आत्याआजी तिच्याबरोबर कामगार कार्यालयात पाच-सहा वेळा गेल्या. शेवटी पत्र आलं की कंत्राटाची मुदत संपलेली असल्याने तक्रारीत तथ्य नाही. पुढे नियम निघाले. फोनमधल्या नावांना हात लावायचा नाही, फी आधी सांगायची, वसुलीसाठी परक्या माणसांना छळायचं नाही, असं त्यांत होतं. ते आमच्या कागदामुळे झालं असं म्हणायचा मला अधिकार नाही. असे कागद ठिकठिकाणहून गेले असतील. सुगंधाचा पास मात्र कुठल्याच नियमात नव्हता.

माझ्या त्या वाक्याबद्दल आत्याआजी मला कधी एक शब्द बोलल्या नाहीत. मीच एकदा वालाच्या शेंगा सोलताना विषय काढला. त्या म्हणाल्या, "तुझं वाक्य तरी दुरुस्त झालं. माझं नाही होत." मला कळेना. "तिला ठरवू दे म्हटलं मी. पण मी समोर बसलेली असताना ती नाही म्हणू शकली असती का गं?"  आम्ही सगळ्या शेंगा सोलून संपवल्या. या प्रश्नाचं उत्तर मला आजही येत नाही, आणि तुमच्यापुढे येतं असं दाखवणार नाही.

सुगंधा पुन्हा आप्पांच्या कारखान्यात गेली. आप्पांनी आधी तिला ऐकवलं, "मी परका झालो व्हय तुला?" मग उचल द्यायला खडू घेतला. "मागे कोण?" तिने एकीचं नाव घेतलं, ती म्हणाली नको गो. दुसरीचं घेतलं, तीही मान खाली घालून रंग ढवळत राहिली. त्या फोनांची दहशत एवढी बसली होती की कुणी कुणाला आपलं नाव द्यायला तयार नव्हतं. सुगंधाने हे त्या बुधवारी रडत सांगितलं. पासाच्या वेळी ती रडली नव्हती. आत्याआजी पेन्सिल ठेवून उठल्या, चपला घातल्या आणि तिला घेऊन कारखान्यात गेल्या. मी मागोमाग गेले.

"आप्पा, माझं नाव लिहा."

"कमलबाई, ब्रश धरलाय का कधी हातात?"

"पेन्सिल धरल्ये चाळीस वर्षं. लिहा."

बायका हसल्या, पण आप्पांनी लिहिलं. पुढच्या हंगामात सुगंधाची सासू अलिबागला इस्पितळात होती तेव्हा आत्याआजी खरोखर आठ दिवस जाऊन बसल्या, त्या वयात, चष्म्यावर चष्मा लावून. सगळ्या पितांबरांना एकच रंग, एकाच जाडीचे काठ, सुतासारखे सरळ. आप्पा म्हणाले, "बाई, देवाचं पितांबर हाय, कंपनीचा युनिफॉर्म नाय." तरीही मूर्ती वेळेत पुऱ्या झाल्या. त्यानंतर आधी नाही म्हणणाऱ्या त्या दोघींनी आपणहून एकमेकींची नावं दिली.

पुढच्या खोलीत खुर्ची आणि स्टूल अजून आहेत. बुधवारी बायका येतात. माझे गुडघे स्टुलावर बसू देत नाहीत, म्हणून सुगंधा खाली बसून लिहिते आणि मी टाइप करते. म्हैस आली तर म्हैस ठेवते.

गेल्या आठवड्यात ती उचल घ्यायला गेली तेव्हा मीही बरोबर होते. आप्पांनी खडू हातात घेतला आणि सवयीने विचारलं, "मागे कोण?" मग फळीकडे बघून ते थांबले.  मी माझं नाव सांगितलं. आप्पा म्हणाले, "बाई, हितं इंग्रजी चालायचं नाय." मी म्हटलं, "मग रंगवायला शिकवा." रोज सकाळी तासभर जाते. माझे काठ अजून वाकडे येतात.

फळीवर सुगंधाच्या नावाशेजारी कमल हे नाव आहे. आप्पांनी ते पुसलं नाही. त्याच्या खाली माझं लिहिलं आहे.